बस्ता बांधायला कुठं उतरायचं?

लग्न ठरलं की आमच्या नेरळात पहिला वाद स्टेशनावरून होतो. बस्ता बांधायला जायचं हे नक्की, पण उतरायचं कुठं? आत्या म्हणते कल्याण, कारण तिथून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. मामीचा जीव दादरच्या साड्यांत. घरात एखादे काका असतातच, ज्यांना मंगलदास मार्केटच्या अलीकडचं कापड कापडच वाटत नाही. आणि जिचं लग्न आहे तिला विचारलं तर ती मोबाइलमधून मान वर न करता सांगते, ‘वांद्र्याला जाऊ या ना, लिंकिंग रोडला.’ चार माणसं, चार स्टेशनं. शेवटी तिकीट काढणाऱ्याचं मत चालतं.

हा वाद गमतीचा वाटतो, पण मुंबईत खरेदी कशी करावी याचं सगळं शास्त्र त्यात आहे. नेरळपासून व्हीटी (आता सीएसएमटी, पण आमच्या तोंडी अजून व्हीटीच) साधारण पंचाऐंशी-नव्वद किलोमीटर, गाडीत बसून जवळपास दोन तास. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि तीनच वर्षांत, 1856 साली, रूळ आमच्या दारावरून खोपोलीपर्यंत पोचले. तेव्हापासून आमच्यासाठी मुंबई म्हणजे एक दोरा आणि त्यात ओवलेली स्टेशनं. कुठल्या मण्यावर थांबायचं, हे काय विकत घ्यायचं त्यावर ठरतं. नवखा माणूस ‘मुंबईत चांगलं दुकान कुठलं?’ असं विचारतो. मुरलेला माणूस गल्ली विचारतो.

आधी घरच्या पेठेचं बोलू. नेरळच्या बाजारपेठेत डाळ-तांदूळ, काडेपेटी, छत्र्या, पावसाळ्याआधी छपरावर टाकायची ताडपत्री, शाळेच्या वह्या, चपला, गणपतीत मखराचं सामान, सगळं मिळतं. वर माथेरानला गाड्यांना बंदी असल्यामुळं तिथल्या हॉटेलांचं आणि घरांचं वाणसामानही नेरळच्या बाजूनंच वर जातं; दस्तुरी नाक्यापर्यंत वाहनानं, पुढं घोड्यावर नाहीतर माणसाच्या बळावर. म्हणजे आमची पेठ स्वतःच्या गावापेक्षा बरीच मोठी आहे. तरीही नवरीचा शालू घ्यायला कुणी तिथं थांबत नाही. का?

वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञानं 1933 साली या प्रश्नाचं साधं उत्तर दिलं. कुठलंही दुकान चालायला किमान काही गिऱ्हाइकं लागतात. आणि कुठल्याही वस्तूसाठी माणूस ठराविक अंतरच चालून जातो. काडेपेटी रोज लागते, तिच्यासाठी कुणी गाडी पकडत नाही, म्हणून ती प्रत्येक नाक्यावर. शालू आयुष्यात एकदा लागतो. पन्नास शालू मांडून बसायचं तर दुकानदाराला एका तालुक्यातली लग्नं पुरत नाहीत, चार जिल्ह्यांतली लागतात. म्हणून शालूवाला तिथं बसतो, जिथं चार जिल्ह्यांच्या गाड्या येऊन थांबतात. त्या जागेला आपण दादर म्हणतो.

रेल्वेच्या आधी हे काम जत्रा करत. मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा पौष पौर्णिमेला भरते. बैल, घोंगड्या, शेतीची अवजारं घ्यायला आमच्या बाजूची माणसं डोंगराच्या कडेकडेनं तिकडं जात, अजूनही जातात. वर्षभर विखुरलेलं गिऱ्हाईक एका ठिकाणी आठवडाभर गोळा करायचं, ही जत्रेची युक्ती. शहरानं काय केलं, तर जत्रा उठूच दिली नाही.

आता गाडीत बसू. मुंबईच्या दिशेनं शेलू, वांगणी, बदलापूर, अंबरनाथ ही स्टेशनं खरेदीच्या दृष्टीनं आमच्यासारखीच, जरा मोठी. पहिला खरा मणी उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत बराकींत ठेवलं गेलं. 1949 साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घर, जमीन, गाठोडं सगळं तिकडं राहिलेल्या माणसांनी जे हाताशी आलं ते शिवून, जोडून, रंगवून विकायला सुरुवात केली. आज फर्निचर, जीन्स आणि कपड्यांसाठी दुकानदारसुद्धा तिथं येतात. ‘मेड इन यूएसए’मधलं यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईत कुणी ऐकला नसेल असं नाही. विनोदात तुच्छता आहे, आणि ती मला कधी आवडली नाही. बराकींतून उभं राहिलेलं हे शहर अर्ध्या महाराष्ट्राला जीन्स पुरवतं. सोफा, कपाट, पलंग घ्यायचा असेल तर उल्हासनगरच्या पुढं जाऊ नका. टेम्पोचं भाडं वाचतं, आणि मुंबईच्या शोरूममधलं लाकूड काही वेगळ्या जंगलातलं नसतं. कल्याणबद्दल एवढंच म्हणतो की आत्याचं बरोबर आहे. घाईच्या लग्नाला कल्याण पुरतं.

पण बस्ता नीट बांधायचा तर दादर.

दादर पश्चिमेला उतरून प्लाझा सिनेमाकडं चाललात तर समोर एक बाग लागते, वीर कोतवाल उद्यान. शेकडो माणसं तिथं बसची वाट बघत उभी असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की हे कोतवाल माथेरानचे. भाई कोतवाल, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या जंगलात इंग्रज पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आमच्याकडची माणसं खरेदीत चुकामूक झाली तर इथंच भेटायचं ठरवतात. गावचाच माणूस आहे म्हटलं की जागा लक्षात राहते.

दादरला खरेदी पहाटे सुरू होते आणि ती आमच्या हातून होते, हे शहरवाल्यांना माहीत नसतं. स्टेशनाला लागून जो फुलबाजार आहे, तिथं झेंडू-शेवंतीचे ढीग लांबून ट्रकनं येतात. कडेला मात्र फडकं अंथरून बसलेल्या बायका बघा. कुणापुढं पळसाची पानं, कुणापुढं आंब्याचे टहाळे, पावसाळा असेल तर टाकळा, शेवळं, कर्टोली, उन्हाळा असेल तर करवंदं-जांभळं. यांतल्या कितीतरी जणी कर्जत-कसाऱ्याच्या बाजूच्या ठाकूर, कातकरी वाड्यांवरून पहिल्या गाडीनं आलेल्या असतात. दसऱ्याला दादरमध्ये जे सोनं लुटतात, ते डोंगरातून डोक्यावरून आलेलं असतं. सकाळच्या गाडीतून पानं जातात आणि संध्याकाळच्या गाडीतून साड्या येतात. दोन्ही व्यवहारांत घासाघीस आहे. फरक एवढाच की चारशेच्या साडीवर दहा रुपये सुटले नाहीत तरी आपण हसत उठतो आणि शेवळाच्या जुडीवर पाच रुपयांसाठी अडून बसतो.

साड्यांसाठी दादरचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला रानडे रोड आणि त्याच्या आजूबाजूला मराठी घरांच्या सवयीची दुकानं: नऊवारी, इरकल, नारायणपेठ, पैठणी, रुखवताचं सामान, मुंडावळ्या, मोदकाचे साचे, एका बाजूला छबिलदासच्या गल्लीत मराठी पुस्तकं. पूर्वेला हिंदमाता. नाव तिथल्या सिनेमागृहाचं. पावसाळ्यात हे नाव बातम्यांत कमरेएवढ्या पाण्यासाठी येतं आणि लग्नसराईत आमच्या घरात साड्यांसाठी. मानपानाच्या वीस-तीस साड्या एकदम घ्यायच्या तर हिंदमाता. नवरीची एक साडी मनासारखी हवी तर पश्चिम. दोन्ही एकाच दिवसात करायचं असेल तर आधी हिंदमाता करा, कारण नवरीच्या साडीला किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

पैठणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण फसगत इथंच होते. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदराचा मोर किंवा कमळ रंगारंगांचे धागे हातानं एकमेकांत अडकवत विणलेलं असतं. म्हणून पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या साडीत नक्षीचे धागे मागच्या बाजूनं लोंबत जातात आणि मग ते कापलेले असतात. उलटी बाजू केसाळ दिसते. यंत्रमागावरची साडी घेण्यात कमीपणा काही नाही, फक्त ती यंत्रमागाच्या भावात घ्यावी. दुकानदारासमोर न लाजता पदर उलटा करा. खरा माल असेल तर त्यालाच आनंद होतो. रेशीम शुद्ध आहे का, यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं दिला जाणारा सिल्क मार्क बघता येतो.

दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद असायची, काही अजून असतात. आधीच्या दुकानं-आस्थापना कायद्यात (तो 1948 चा) आठवड्याची सुट्टी सक्तीची होती आणि भागाभागानं वार ठरलेले होते. 2017 च्या नव्या कायद्यानं वर्षभर दुकान उघडं ठेवायला मुभा दिली, कामगाराला आठवड्याची रजा दिली म्हणजे झालं. पण बाजाराची सवय कायद्यानं लगेच मोडत नाही. दादरला सोमवार, घाऊक बाजारांना रविवार, चोर बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांना शुक्रवार. हे तीन वार लक्षात ठेवले तर फुकटची फेरी वाचते. मी एकदा पाच माणसं घेऊन रविवारी मंगलदासला गेलो होतो. बंद शटरांच्या रांगेतून फिरून, क्रॉफर्ड मार्केटसमोर फालुदा खाऊन परत आलो. घरी अजून त्या फालुद्याचा हिशेब निघतो.

काकांचं मंगलदास मार्केट व्हीटीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. इथून जी मुंबई सुरू होते, तिला एकेकाळी नुसतं ‘बाजार’ म्हणत. इंग्रजांचा कोट होता, त्याच्या आत गोऱ्यांबरोबर देशी व्यापारीही दाटीनं राहत. 1803 च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली, शेकडो घरं जळाली आणि सरकारनं देशी वस्तीला कोटाबाहेर, मोकळ्या मैदानापलीकडं सरकवलं. मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर ही गजबज त्यानंतर वाढली. पूर्वेला बंदरं, दक्षिणेला कोट, आणि 1853 पासून दारात रेल्वे. कापूस, मसाले, तांबं, कापड जे काही उतरे ते याच पट्ट्यात. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला, पैशाचा पूर आला आणि शहरानं दगडी इमारती बांधल्या. क्रॉफर्ड मार्केट त्या जोशातलं, 1869 सालचं. रचना विल्यम एमर्सनची. कोरीव कामात लॉकवुड किपलिंगचा हात, जो शेजारच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवायचा आणि ज्याचा मुलगा पुढं ‘जंगल बुक’ लिहिणार होता. ज्याचं नाव दिलं तो आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, पुढं 1888 साली पुण्याकडं लाचखोरीच्या प्रकरणात सापडला. त्या प्रकरणात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी उचलून धरली होती. मंडईला आता महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. टॅक्सीवाल्याला मात्र क्रॉफर्डच सांगावं लागतं.

क्रॉफर्डसमोरून आत शिरलं की एकेक गल्ली म्हणजे एकेक दुकान. मंगलदासमध्ये कापड, ब्लाउजपीसपासून सुटाच्या कापडापर्यंत. पलीकडं मुळजी जेठा मार्केट, देशातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या कापडबाजारांपैकी एक, बराचसा घाऊक. लोहार चाळीत दिवे, पंखे, वायर, बटणं. लोहार नावापुरता उरला. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर वह्या-पेनं, खेळणी, भेटवस्तूंची पाकिटं. नागदेवीला यंत्रांचे सुटे भाग, पाने, पंप. भुलेश्वरला देवाचं सामान, खोटे दागिने, बांगड्या, चनिया-चोळी. प्रिन्सेस स्ट्रीटला औषधं आणि रसायनं. गिरगावच्या खाडिलकर रोडला लग्नपत्रिका, सगळ्या एका रांगेत. ग्रँट रोडकडं लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या काळापासून इलेक्ट्रॉनिक सामान. चोर बाजारात जुनी घड्याळं, झुंबरं, सिनेमाची पोस्टरं, आणि ज्या रस्त्यावर ही दुकानं आहेत त्याचं नाव मटन स्ट्रीट.

प्रश्न असा पडतो की एकच वस्तू विकणारे शंभर जण एकमेकांच्या मांडीला मांडी लावून का बसतात? आपल्या गावात दुसरं चपलांचं दुकान निघालं की पहिला नाराज होतो. इथं दिव्यांच्या दुकानाशेजारी जागा रिकामी झाली तर तिथं दिव्यांचंच दुकान यायला धडपडतं.

याची कारणं दोन-तीन आहेत. पहिलं गिऱ्हाइकाच्या बाजूचं. झुंबर, सोनं, पत्रिका, सुटाचं कापड या वस्तू बघून, तुलना करून घ्यायच्या असतात. गिऱ्हाईक जिथं एका फेरीत वीस दुकानं बघू शकेल तिथंच जातं. एकट्यानं लांब दुकान टाकलं, भाव थोडा कमी ठेवला, तरी कुणी तिकडं फिरकत नाही. ‘इतका लांब जाऊन नाही आवडलं तर?’ ही भीती भावापेक्षा मोठी असते. दुसरं कारण आतलं, आणि ते दुकानात पाच मिनिटं बसल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही निळ्या रंगाचं एक खास कापड मागता. मालक म्हणतो, ‘बसा ना, चहा घ्या, गोडाऊनमधून मागवतो.’ पोरगा धावत जातो. गोडाऊन बहुतेक वेळा शेजारच्या तिसऱ्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याचं दुकान असतं. तो तागा आणतो, तुम्ही घेता, संध्याकाळी दोघांचा हिशेब होतो. शंभर दुकानांचा माल मिळून एकच मोठं कोठार असतं आणि प्रत्येक मालक त्या कोठाराच्या एका खिडकीवर बसलेला असतो. हमाल, हातगाडीवाले, रंगारी, पिको-फॉल करणाऱ्या, उधारी देणारा सावकार, सगळ्यांचं त्या गल्लीवर पोट चालतं. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलनं 1890 साली लिहिलं होतं की एका ठिकाणी जमलेल्या धंद्याचं कसब तिथल्या हवेतच मिसळून जातं. लोहार चाळीत होल्डरचा तुटका तुकडा दाखवल्यावर पंधरा वर्षांचा पोरगा ‘हे चौथ्या दुकानात मिळेल’ म्हणतो, तेव्हा मार्शलला काय म्हणायचं होतं ते कळतं.

यावरून खरेदीचा एक नियम निघतो, जो मला तरी अजून चुकलेला दिसला नाही. घासाघीस किती करायची हे वस्तूवर ठरत नाही. विकणाऱ्याला तुम्ही पुन्हा याल असं वाटतं का, आणि शेजारी तीच वस्तू विकणारे किती आहेत, यावर ठरतं. मंगलदासमध्ये वीस दुकानांत तेच कापड असतं, मालकाची गिऱ्हाइकं पिढ्यांची असतात. तिथं भाव आधीच घासून पातळ झालेला, मीटरमागं पाच-दहा रुपये सुटले तर खूप. कुलाबा कॉजवेला पर्यटक एकदाच येतो, त्याला भाव माहीत नसतो. तिथं पहिला आकडा आभाळातून येतो आणि निम्म्याच्याही खाली उतरतो. फॅशन स्ट्रीटवर, म्हणजे क्रॉस मैदानाच्या कडेच्या त्या टपऱ्यांच्या रांगेत, मधली स्थिती. तिथला माल पुष्कळदा परदेशी ऑर्डरीचा उरलेला असतो: कारखाने खराब नगांची भरपाई म्हणून थोडे जास्त शिवतात, उरले की किंवा ऑर्डर रद्द झाली की ते बाजारात येतात. आता नावापुरता उरलेला मालही भरपूर आहे. शिवण आतून बघा, चेन दोनदा ओढा, मग आकडा बोला. लिंकिंग रोडचंही तेच. आमच्या नवरीचं चूक नाही; चपला, पर्स, कानातलं असल्या गोष्टींना तो रस्ता उत्तम. शालूला नको.

ठरलेल्या भावाची पाटी ही तशी नवी गोष्ट आहे. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात अरिस्तिद बुसिको 1852 पासून भागीदार झाला. छापील भाव, आवडलं नाही तर परत, आणि न घेता नुसतं हिंडायची मोकळीक या गोष्टी त्यानं एकत्र आणल्या. शेकडो नोकर ठेवायचे तर प्रत्येकाला घासाघीस करू देता येत नाही, हे त्यामागचं साधं व्यवहारी कारण. आपल्याकडं ती मोकळीक फार उशिरा आली आणि आली तेव्हा दाराशी पहारा घेऊन आली. 1999 साली हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मुंबईचा पहिला मोठा मॉल उघडला. गर्दी इतकी झाली की मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा, असा नियम लावला गेला; आरडाओरडा झाल्यावर मागं घेतला. त्या वर्षी नेरळात मोबाइल कुणाकडं होता? आम्ही बाहेरून काच बघून आलो. पुढं परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेत मॉल झाला. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि जिथं कापड विणलं जाई तिथं शिवलेलं कापड विकलं जाऊ लागलं. वातानुकूलित आहे, स्वच्छतागृह आहे, म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मॉलसारखी सोय नाही. बस्ता मात्र तिथं बांधून होत नाही. पस्तीस साड्या मांडून, गादीवर मांडी घालून, ‘ही जाऊबाईंना, ही मावशींना’ असं वाटप करायला मॉलमध्ये गादी कुठं आहे?

सोन्याचं थोडक्यात, पण नीट ऐका. मुंबादेवीच्या देवळाभोवतीचा झवेरी बाजार हा देशातल्या सोन्याच्या व्यापाराचा मोठा आधार. गल्ल्या अरुंद, गर्दी दाट. नेरळहून तिथपर्यंत जायलाच हवं असं आता राहिलेलं नाही. जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा होत गेला. दागिन्यावर बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये टाकला की दागिना कुणी, कुठं तपासला ते दिसतं. पूर्वी आजी सोनाराच्या ओळखीवर विश्वास ठेवायची, कारण दुसरा उपाय नव्हता. आता तोच तपास दुकानात उभ्या उभ्या होतो. भाव ठरवताना सोन्याच्या दराची चर्चा करू नका, तो सगळीकडं जवळपास सारखा. बोला ते घडणावळीवर. घट्ट सोनाराचंही मन तिथं सैल होतं.

मसाल्याचं राहिलं. लग्नाच्या जेवणाआधी घरात वर्षाचा मसाला झालेला हवा. त्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मिरची गल्लीत जायचं: बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडून घ्यायची, धणे-खसखस-दगडफूल तिथंच, भाजून आणि कांडूनही तिथंच मिळतं. गल्लीत शिरण्याआधी नाकाला रुमाल बांधा. आमच्या फास्ट गाडीला करी रोड किंवा चिंचपोकळी लागत नाही. दादरला उतरून स्लो धरावी लागते. मस्जिद स्टेशनचंही तसंच. सुका मेवा घ्यायचा असेल तर व्हीटीपर्यंत जाऊन चालत मागं येणं सोपं.

बिल घ्या. कच्ची चिठ्ठी घेऊन ‘जीएसटी वाचला’ म्हणणारा माणूस साडीचा रंग उतरल्यावर गप्प बसतो. मीही बसलो आहे. एका दुकानातून घेतलेल्या सहा साड्यांपैकी दोन पहिल्या धुण्यात गुलाबी झाल्या, हातात चिठ्ठी, तिच्यावर ना नाव ना तारीख. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पदर आवडला नाही, विहिणीला रंग पटला नाही, हा मात्र दोष नव्हे; तिथं दुकानदाराच्या भलेपणावर सोडायचं.

कपडे, दागिने, मसाला, पत्रिका झाली, संध्याकाळचे सहा वाजले आणि तुम्ही चार माणसं, दोन गाठोडी घेऊन दादरच्या पुलावर उभे आहात. इथं शेवटची चूक होते. दादरला त्या वेळी कर्जत फास्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाठोडं आत जातं आणि माणूस बाहेर राहतो, किंवा उलट. तेव्हा सकाळी नेरळलाच तिकीट दादरऐवजी व्हीटीपर्यंतचं परतीचं काढा. संध्याकाळी दादरला व्हीटीपर्यंतचं वेगळं तिकीट काढून उलटी गाडी धरा, प्लॅटफॉर्मला लागलेल्या रिकाम्या कर्जत लोकलमध्ये शिरा, गाठोडी वरच्या फळीवर टाका आणि खिडकीला बसा.

आणि वांगणी गेलं की सामान खाली काढायला घ्या. शेलूनंतर लगेच आपलंच स्टेशन.